शंभरातून सात

शंभरातून सात वजा केल्यावर किती उरतात, असे मला एका तरुण निवासी डॉक्टरने विचारले, तो मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. बाहेर मुंबईचा उकाडा होता आणि मला मात्र अंगावरची शाल काढवत नव्हती. मी उत्तर दिले, त्र्याण्णव. त्यातून पुन्हा सात? शहाऐंशी. त्यातून पुन्हा सात? इथे मी थांबले. बावीस वर्षे बँकेत रोखपालाचे काम करणाऱ्या, नोटांची बंडले नुसत्या बोटांनी मोजणाऱ्या माझ्यासारख्या बाईला शहाऐंशीतून सात काढता येईनात. मी खिडकीकडे पाहिले, मग ताईकडे पाहिले, आणि ताईने मान खाली घातली. डॉक्टर मुलीने घाई केली नाही. तिने केसपेपरवर काही लिहिले आणि तितक्याच शांतपणे विचारले, "आज वार कोणता आहे?" तोही मला सांगता आला नाही.

मानसोपचार वॉर्डात दाखल होणे म्हणजे काय, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांनी ते कधी कोणाला सांगितलेले नव्हते. बाळंतपण कसे होते, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर किती दिवस पथ्य असते, अँजिओग्राफीला किती वेळ लागतो, हे आपल्याकडे लोकलच्या डब्यात अनोळखी बायकाही एकमेकींना सांगतात. या एका आजारपणाबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून मी सगळे, जमेल तितक्या तपशिलाने लिहीत आहे.

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात आमचे दोन खोल्यांचे घर आहे. जानेवारीपासून माझी झोप मोडली होती. पहाटे तीनला जाग येई आणि उजाडेपर्यंत छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखे वाटे. मार्चअखेरच्या हिशेबात माझ्याकडून दोनदा चूक झाली. एप्रिलमध्ये जेवण सुटले. स्वयंपाकघरात उभी राहून मी तासभर डाळीच्या डब्याकडे पाहत असे, कारण वरण करायचे की आमटी हा निर्णय मला घेता येत नसे. मुलगी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होती आणि मला तिच्याशी बोलायलाही शब्द सापडत नव्हते. आपण नसलो तर या सगळ्यांचे बरे होईल, हा विचार आधी पाहुण्यासारखा येऊन जात होता. नंतर तो मुक्कामालाच आला. तो मी बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना सांगितला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "आपण काही दिवस वॉर्डात राहू या."

घरी हे कळल्यावर सासूबाईंच्या तोंडून एकच शब्द आला. "ठाण्याला?"

मुंबईच्या मराठी माणसाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुणेकर येरवड्याचे नाव घेतो, तसे आम्ही ठाण्याचे घेतो. शाळेत कोणी विचित्र वागले की "ह्याला ठाण्याला पाठवा" म्हणत आम्ही मोठे झालो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांप्रमाणे तेही मोठ्या आवाराचे आणि उंच भिंतींचे. त्या काळात अशा संस्था वस्तीपासून दूर बांधल्या जात, आणि तिथे गेलेला माणूस परत येईलच असे घरच्यांनी धरलेले नसे. १९१२ च्या कायद्याचे नावच वेडेपणाचा कायदा असे होते. त्या नावातून जी भीती घराघरांत उतरली, ती कायदा बदलला तरी गेली नाही. सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावातली एक बाई अशी गेली होती आणि तिच्या मुलांना पुढे आई मेली असेच सांगितले गेले होते.

प्रत्यक्षात मला जायचे होते ते मुंबईतल्या एका सर्वसाधारण सार्वजनिक रुग्णालयात, जिथे एका मजल्यावर हाडांचे रुग्ण होते, खाली बाळंतिणी होत्या आणि वरच्या मजल्यावर आमचा वॉर्ड होता. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत असे विभाग आहेत, काही खासगी रुग्णालयांतही आहेत, आणि बहुतेक रुग्ण तिथे काही आठवडे राहून घरी जातात. मी चोवीस दिवस राहिले.

कागदांपासून सुरुवात करते, कारण मला स्वतःला कागदांचा धीर येतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. या कायद्याप्रमाणे प्रौढ माणूस स्वतःच्या समजुतीने, स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकतो. त्याला स्वतंत्र रुग्ण म्हणतात. माझे दाखल होणे कलम ८६ खाली झाले. सात वजा करता येत नसले तरी मी कुठे आहे, का आले आहे आणि इथे काय होणार आहे हे मला कळत होते, आणि डॉक्टरांनी ते माझ्याकडून माझ्या शब्दांत वदवून घेतल्यावरच सही घेतली. ज्याला आजारामुळे हे कळण्याची स्थितीच नसते, त्याच्यासाठी कलम ८९ आहे. तिथे रुग्णाच्या वतीने त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे अशा वेळेसाठी ठरलेला माणूस, अर्ज करतो. रुग्णाला दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि त्यांतला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो. ही मुदत तीस दिवसांच्या पुढे आपोआप जात नाही. शिवाय रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत आणि इतरांच्या बाबतीत सात दिवसांत. मधल्या काळात रुग्णाची समज परत आली तर त्याला स्वतंत्र रुग्ण म्हणून राहण्याचा किंवा घरी जाण्याचा अधिकार मिळतो. माणसाचा निर्णय त्याच्या हातून काढायचा तर किती काळासाठी, कोणासमोर आणि परत कधी द्यायचा, याचा हिशेब या कायद्यात लिहिलेला आहे. त्या वेळी मला तो केवळ कागद वाटला. पुढच्या चोवीस दिवसांत माझ्याशी नेमके तेच झाले, लहान लहान गोष्टींतून.

पहिली गेली ती सलवारीची नाडी. वॉर्डाच्या जाळीच्या दाराला कुलूप होते. आत गेल्यावर सिस्टरनी माझी पिशवी एका टेबलावर उघडली आणि एकेक वस्तू वेगळी केली: ओढणी, नाडी, काचेच्या बांगड्या, हातातला आरसा, नेलकटर, फोनची वायर, लोणच्याची काचेची बरणी. प्रत्येकीची वहीत नोंद झाली आणि ताईने सही केली. मंगळसूत्र ताईने माझ्या गळ्यातून काढले तेव्हा तिचे हात थरथरत होते. काढू की नको, असे तिने मला विचारलेही, आणि मला त्या प्रश्नाचे उत्तरही देता आले नाही. सिस्टर काही कठोर बाई नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बाई, हे सगळं तुमचंच आहे, आमच्याकडे फक्त सांभाळायला." मी तेव्हा ऐकले नाही, नंतर आठवले. बांगड्या उतरलेल्या मनगटावर पांढरे वळ उमटले होते, त्यांच्याकडे मी बराच वेळ पाहत बसले.

कोणाला जायचे असेल तर सांगते. बटणांचे किंवा इलॅस्टिकचे कपडे न्यावेत, रबरी चप्पल न्यावी, आधीची सर्व औषधे आणि केसपेपर न्यावेत, आणि महत्त्वाचे फोन नंबर एका कागदावर लिहून न्यावेत, कारण फोन जवळ ठेवू देतातच असे नाही. आमच्याकडे तो संध्याकाळी अर्धा तास मिळत असे. नातेवाइकांना भेटणे आणि त्यांच्याशी फोनवर बोलणे हा कायद्याने रुग्णाचा हक्क आहे. स्वतःचे कपडे घालणे हाही हक्क आहे, आणि सक्तीने मुंडण करण्यास मनाई आहे. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या आजींनी पहिले तीन दिवस डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही, तो या केस कापण्याच्या भीतीने. त्यांच्या सुनेने आणि वॉर्डातल्या मावशींनी मिळून त्यांची वेणी घातली तेव्हा कुठे त्या जेवायला बसल्या.

सार्वजनिक रुग्णालयातल्या वॉर्डात बहुधा एक नातेवाईक सोबत लागतो, आणि स्त्रियांच्या वॉर्डात ती स्त्रीच असावी लागते. ताई चिपळूणहून आपले घर टाकून आली आणि चोवीस रात्री माझ्या खाटेशेजारी चटईवर झोपली. रुग्णाला काय होते याविषयी मी पुष्कळ लिहू शकते. त्या चटईवर काय होते, हे ताईने मला आजवर पूर्ण सांगितलेले नाही. पहिल्या रात्री दर थोड्या वेळाने सिस्टर येत, टॉर्चचा उजेड छताकडे करून माझा श्वास चालतो आहे ना हे पाहत आणि जात. प्रत्येक वेळी मला जाग येई. आणि प्रत्येक वेळी चटईवर ताईचे डोळेही उघडे दिसत.

दिवसाची घडी ठरलेली होती. सहाला चहा, मग रक्तदाब आणि वजन, आठला नाश्ता आणि गोळ्या. गोळी घेतल्यावर तोंड उघडून जीभ वर करून दाखवावी लागे, म्हणजे गोळी गिळली हे सिस्टरना दिसे. साडेनऊनंतर डॉक्टरांचा राउंड. दुपारी जेवण, चार ते सहा भेटीची वेळ, साडेसातला पुन्हा जेवण, नऊला गोळ्या, दहाला दिवे बंद. यात मला काहीही ठरवायचे नव्हते. वरण की आमटी हा प्रश्न माझ्यापुढून उचलला गेला होता, आणि पहिल्या आठवड्यात मला जो काही आराम वाटला तो औषधांचा नव्हता, तो याचा होता. ज्याने हे भोगलेले नाही त्याला ते पटणार नाही. काय खायचे, कधी उठायचे, दार उघडायचे की नाही, जगायचे की नाही, या सगळ्यांतून काही दिवस कोणी मोकळे केले तर माणूस केवळ श्वास घेत पडून राहू शकतो.

त्यानंतर कंटाळा येतो, आणि तो फार मोठा असतो. लोक वॉर्डातल्या आरडाओरड्याबद्दल विचारतात. आरडाओरडा कधीतरी होतो. बाकीचे तास दुपारच्या त्या लांबच लांब शांततेत जातात, जेव्हा पंखा एका लयीत कुरकुरत असतो आणि घड्याळात सव्वातीनच वाजलेले असतात. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "उद्यापासून यांना ओटीला पाठवा." मी रात्रभर घाबरून होते, कारण ओटी म्हणजे शस्त्रक्रियेची खोली असेच मला ठाऊक होते. सकाळी मावशी हाताला धरून घेऊन गेल्या तर एका उजेडाच्या खोलीत चार टेबले होती, कॅरम होता, आणि बायका वर्तमानपत्राच्या पिशव्या चिकटवत होत्या. व्यवसायोपचाराला तिथे ओटी म्हणत. मी पहिल्या दिवशी एक पिशवी केली, तीही वाकडी. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी तिथल्या मॅडमनी विचारले, "निळा कागद घेणार की पिवळा?" त्या वेळी मला ते कळले नाही, पण मला परत मिळालेला पहिला निर्णय तो होता. मी पिवळा घेतला.

त्याआधी, चौथ्या दिवशी, मात्र मला घरी जायचे होते. मी बँकेच्या पद्धतीने, विषय आणि संदर्भ लिहून, अर्ज केला की मला आज मुक्त करण्यात यावे. स्वतंत्र रुग्णाला असे मागता येते. त्याला अडवायचे तर कलम ८९ खाली तपासणीपुरते, चोवीस तासच अडवता येते. डॉक्टरांनी तो अर्ज फाडला नाही, की हसण्यावारी नेला नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि तासभर बोलत राहिल्या. घरी गेल्यावर पहाटे तीनला काय कराल, असे त्यांनी विचारले. मी खरे उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच अर्ज मागे घेतला आणि तसे लिहूनही दिले. तो अर्ज माझ्या केसपेपरला अजून जोडलेला आहे. मला त्याची लाज वाटत नाही.

सगळेच चांगले नव्हते, तेही लिहिले पाहिजे. राउंडला दहा-बारा जणांचा घोळका येई आणि माझ्या पायांशी उभा राहून माझ्याविषयी इंग्रजीत बोले. मी बँकेत इंग्रजीत पत्रव्यवहार करते, मला सगळे समजत होते, पण मला खाटेच्या आकड्याने संबोधले जात होते आणि माझ्याकडे कोणी पाहत नव्हते. न्हाणीघराला आतून कडी नव्हती. ती का नव्हती हे मला मान्य आहे, पण दाराबाहेर उभे राहणाऱ्या माणसाने निदान तोंड फिरवून उभे राहावे, इतके तरी व्हायला हवे होते. आणि एका रात्री एका तरुण बाईला, तिने सिस्टरला ढकलून खिडकीवर डोके आपटायला सुरुवात केल्यावर, खाटेला कापडी पट्ट्यांनी बांधले गेले. कायदा बांधून ठेवण्याला शिक्षा म्हणून किंवा सोय म्हणून परवानगी देत नाही. तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने, गरज असेल तेवढाच वेळ आणि नोंद करून ते करता येते. साखळदंडाला पूर्ण बंदी आहे. २००१ साली तामिळनाडूतल्या एर्वाडीत आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली माणसे जागीच जळून गेली, हे आपल्या देशात घडलेले आहे. त्या रात्री डॉक्टर धावत आल्या, इंजेक्शन दिले, आणि ती झोपल्यावर पट्ट्या काढल्या. नियमाप्रमाणे झाले असेल. पण तिच्या खाटेभोवती पडदा ओढायचे कोणाला सुचले नाही, आणि आम्ही वीस जणी ते पाहत राहिलो. मला राग आला होता. चार महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचा तरी राग आला होता, असे ताई म्हणते.

गोळ्यांविषयी. नैराश्यावरच्या औषधांचा गुण येण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही, पण तोंडाला कोरड, मळमळ, गुंगी हे त्रास पहिल्या दिवसापासून येतात. म्हणून पुष्कळ जण आठवड्याभरात, नेमक्या चुकीच्या वेळी, औषध सोडतात. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली, जी प्रत्येक नातेवाइकाला कळली पाहिजे. मनाची उभारी परत येण्याआधी अंगातले त्राण परत येते. रुग्ण उठून बसू लागला, अंघोळ करू लागला की घरच्यांना हायसे वाटते आणि लक्ष कमी होते, पण लक्ष ठेवण्याचे दिवस तेच असतात.

माझे जेवण सुरूच होईना आणि वजन उतरत राहिले, तेव्हा त्यांनी शॉकचा विषय काढला. मी हा शब्द मुद्दाम वापरते, कारण आपल्या घरांत हाच शब्द आहे आणि भीतीही याच शब्दाला चिकटलेली आहे. हा उपचार १९३८ साली रोममध्ये प्रथम केला गेला आणि आरंभीच्या काळात तो भूल न देता होई. लोकांच्या मनात जे चित्र आहे ते तिथून आलेले आहे. आज आपल्या कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करता येत नाही. संमतिपत्र मराठीत होते, ते डॉक्टरांनी मला वाचून दाखवले, विस्मरण होऊ शकते हेही सांगितले, आणि सही मी केली. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचे. सकाळी चाकांच्या खाटेवरून नेले, हाताला सुई लावली, भूलतज्ज्ञ म्हणाले, "देवाचं नाव घ्या," आणि डोळे उघडले तेव्हा ताई माझे पाय चोळत होती. मधले काही सेकंद विजेचे आणि जेमतेम मिनिटभराची आकडी, यांपैकी मला काहीच कळले नाही. डोके जड होते, जबडा दुखत होता, आणि तासाभराने चहा मिळाला. असे आठवड्यातून तीनदा, एकूण सहा वेळा झाले.

चौथ्या वेळेनंतर मी पोळी मागून घेतली. ताई वॉर्डाच्या कोपऱ्यात जाऊन रडली, आणि मावशी तिला म्हणाल्या, "आता रडायचं नाही, आता वाढायचं."

त्याची किंमतही सांगितली पाहिजे. त्या दोन-अडीच आठवड्यांतले बरेचसे माझ्याजवळ नाही. मुलीचा बारावीचा निकाल त्याच काळात लागला. ती मोबाइलवर निकाल घेऊन वॉर्डात आली, मला टक्के सांगितले, मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, निकाल कधी आहे? तिने पुन्हा सांगितले, आणि मी पुन्हा तिचा चेहरा धरला. असे तीनदा झाले. तीनही वेळा ती तितक्याच आनंदाने सांगत होती, असे ताई म्हणते. मला त्यांतले एकही आठवत नाही. पहिला पाऊसही त्या जूनमध्ये कधीतरी आला. कुर्ल्याला रुळांवर पाणी साचले आणि आमचे हे रात्री रुग्णालयाच्या बाकावरच थांबले, हे मला सांगोवांगीच ठाऊक आहे. पुढे नव्या गोष्टी लक्षात राहणे पूर्ववत झाले. हे दिवस मात्र परत आलेले नाहीत. ज्यांनी मला विचारले त्यांना मी सांगते की, तोच प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा सही करीन, आणि निकालाचा तो दिवस गेल्याचे दुःखही मला राहील.

भेटीच्या वेळेत सासूबाई एकदाच आल्या. मी माहेरी गेले आहे, असे त्यांनी शेजारी सांगितले होते. त्या वॉर्डभर नजर फिरवून म्हणाल्या, "इथं तर आपल्यासारख्याच बायका आहेत." मग पिशवीतून नाचणीची पेज काढली आणि स्टीलच्या वाटीतून मला भरवू लागल्या. चमचा मी त्यांच्या हातून घेतला.

अठराव्या दिवशी नाडी परत मिळाली. सिस्टरनी वही उघडली, ओळीसमोर खूण केली आणि नाडीची गुंडाळी माझ्या हातावर ठेवली. ओवायला सेफ्टी पिन हवी होती आणि ती वॉर्डात चालत नाही, म्हणून मी आणि ताईने टूथब्रशच्या दांडीला नाडी बांधून ती ओवली. त्याला पाऊण तास लागला. आरसा विसाव्या दिवशी मिळाला. बांगड्या शेवटच्या दिवशी, मंगळसूत्रासोबत.

शेवटच्या राउंडला त्याच डॉक्टर मुलीने पुन्हा विचारले, शंभरातून सात? मी एकोणऐंशी म्हणून पुढे गेले, बाहत्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, आणि एकावन्नला तिने हात वर करून थांबवले. डिस्चार्ज कार्डावर सहा दिवसांनंतरची तारीख होती. मागच्या बाजूला तिने स्वतःच्या अक्षरात १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा, क्रमांक लिहून दिला. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. वॉर्डातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, म्हणून पहिली तारीख चुकवू नका, असे डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितले. बरे वाटू लागल्यावरही गोळ्या निदान सहा महिने चालू ठेवायच्या होत्या.

वॉर्डाने ज्या क्रमाने गोष्टी परत दिल्या तो क्रम घराला ठाऊक नव्हता. घरी पोहोचले तर सुरी वरच्या माळ्यावर गेली होती, गॅलरीच्या दाराला नवे कुलूप होते, न्हाणीघराची कडी काढलेली होती, आणि मुलगी माझ्या मागे मागे स्वयंपाकघरापर्यंत येत होती. माझ्या माणसांनी हे प्रेमाने केले होते, आणि पहिल्या दिवसांत त्यातले बरेचसे आवश्यकही होते. पण वॉर्डात प्रत्येक वस्तूसमोर वहीत एक ओळ होती आणि ती कधीतरी परत मिळणार होती. घरी वही नव्हती. दुसऱ्या भेटीत मी हे बोलून दाखवले, तेव्हा डॉक्टरांनी यांना कागद घ्यायला लावला आणि काय काय कुलपात आहे ते लिहायला लावले. सात गोष्टी निघाल्या. कोणती कधी सोडायची ते तिथेच आम्ही मिळून ठरवले. सुरी आधी आली, कारण मला कांदा चिरायचा होता.

गोळ्यांची डबी शेवटी राहिली. ती यांच्या कपाटात, किल्लीखाली असे, आणि रोज रात्री नऊला ते मला गोळी आणि पाण्याचा पेला देत. घरी आल्यावरच्या पहिल्या रात्री गोळी गिळून मी सवयीने त्यांच्यासमोर तोंड उघडले आणि जीभ वर केली. ते क्षणभर पाहत राहिले आणि मग दिवा बंद करायला वळले. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

ऑक्टोबरच्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या की, आता एका आठवड्याच्या गोळ्या माझ्याकडे राहू द्याव्यात. रविवारी संध्याकाळी यांनी सात कप्प्यांची डबी स्वतः भरली, प्रत्येक कप्पा दोनदा पाहिला, आणि ती स्वयंपाकघरात चहापत्तीच्या डब्याशेजारी ठेवली. त्या आठवड्यात रोज रात्री पाणी प्यायच्या निमित्ताने ते आत येत आणि डबीकडे एकदा पाहत. मला ते दिसत असे. मी त्यांना पाहू देत असे.